जळगावचे चार सेंटीमीटर

तोताराम भारंबे सरांचं भौतिकशास्त्र आजवर कोणी तपासलेलं नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनीच दुसऱ्यांचं तपासलं, तेही लाल पेनानं, आणि निवृत्त झाल्यावर तो पेन तसाच खिशात राहिला. लग्नपत्रिका हातात आली तरी सर आधी पेनाचं टोपण काढत. एकदा व्याह्यांच्या घरच्या पत्रिकेतल्या सात चुकांना लाल गोल करून त्यांनी ती परत पाठवली, आणि त्या लग्नाला त्यांच्या बायकोला, लताबाईंना, एकटीलाच जावं लागलं. जेवण चांगलं होतं, असं त्या अजूनही अधूनमधून सांगतात.

अशा माणसावर जी वेळ आली तिला कारण मेघा. मेघा म्हणजे सरांची मुलगी, पुण्याला एका कॉलेजात गणित शिकवते. दिवाळीला ती जळगावला आली तेव्हा वडील दिवसातून चारदा गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीची पातळी वहीत मांडतात हे तिनं पाहिलं आणि ती घाबरली. तिनं एक उद्योग सुचवला. गणिताचं एक सॉफ्टवेअर आहे. जगभरातले लोक मिळून ते तयार करतात, कोणी कोणाचा नोकर नाही, आतलं सगळं कोणालाही उघडून बघता येतं आणि कोणालाही त्यात भर घालता येते. त्यात गणिताचे धडे ढीगभर आहेत, पण भौतिकशास्त्राचे नाहीत. "बाबा, तुम्ही लिहा ना. साध्या लोलकाचा प्रयोग तर तुमच्या तोंडपाठ आहे," असं ती सहज म्हणाली. त्या सॉफ्टवेअरचं नाव सरांना शेवटपर्यंत धड उच्चारता आलं नाही, तेव्हा आपणही त्याच्या वाटेला जायला नको.

जगात भौतिकशास्त्र कमी पडतंय म्हटल्यावर सर बसून राहणं शक्य नव्हतं. टाकीची वही त्यांनी वॉचमनच्या स्वाधीन केली आणि चार दिवसांत धडा लिहून काढला. दोऱ्याला गोळा बांधा, वीस झोके मोजा, वेळ लिहा, लांबी बदला, पुन्हा मोजा, आणि पृथ्वी वस्तूला किती जोरानं ओढते तो आकडा काढा. तो आकडा सेंटीमीटरच्या हिशेबात नऊशे ऐंशी येतो, हे सायन्सला गेलेल्या कोणत्याही माणसाला झोपेतून उठवून विचारा. धड्यासोबत सरांनी रीडिंगचा तक्ता जोडला. उत्तर आलं नऊशे एकोणऐंशी पूर्णांक आठ. उरलेले दोन दशांश नम्रपणानं सोडले आहेत, असं ते लताबाईंना म्हणाले.

बातमी बिल्डिंगमध्ये फिरायला वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावर हिलालनाना राहतात. त्यांची डाळमिल आहे आणि मत न देता त्यांचा दिवस जात नाही. पगार नाही, मानधन नाही, हे त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतलं. मग म्हणाले, "सर, फुकट देशात तं लोके वाचतीन बी नही," म्हणजे फुकट दिलं तर लोक वाचणारही नाहीत. समोरच्या फ्लॅटमधल्या बेबाबाई सावद्याच्या. त्यांचा गुडघा आठ वर्षांपासून दुखतो आणि गप्पा कशावरही सुरू झाल्या तरी तिथंच येऊन थांबतात. त्यांनी विचारलं, त्या सॉफ्टवेअरमध्ये गुडघ्याचं काही असतं का. सरांनी सांगितलं, अक्का, ते गणिताचं आहे. बेबाबाईंनी मान हलवली, पण आशा सोडली नाही.

धडा पाठवणं हे लिहिण्याहून अवघड निघालं. आधी खातं उघडायचं. त्याचा पासवर्ड सरांनी तीनदा ठरवला आणि तिन्ही वेळा तो कमकुवत आहे असं उत्तर आलं. सरांना कमकुवत हा शेरा विद्यार्थ्यांबद्दल लिहायची सवय होती, तो स्वतःबद्दल वाचायची नव्हती. नंतर एक फॉर्म आला. त्यात शेवटी चौकोन होता आणि पुढं लिहिलं होतं, की हे काम माझं स्वतःचं आहे. सरांनी त्या चौकोनात ठणठणीत बरोबरची खूण केली. हा चौकोन लक्षात ठेवलेला बरा, कारण सर तो ताबडतोब विसरले.

पाठवल्यावर दोन मिनिटांत धडा परत आला आणि त्यावर लाल फुली होती. सर खुर्चीत मागे रेलले ते सरळ व्हायला तयार होईनात. साठी उलटलेल्या माणसाच्या कामावर फुली, आणि ती मारणारा माणूससुद्धा नव्हता. मेघानं फोनवर समजावलं, की पहिली तपासणी यंत्र करतं. चौदाव्या ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा जास्तीची सुटली होती, एवढाच गुन्हा. जे डोळ्यांना दिसतच नाही ते चुकलं कसं म्हणायचं, असं सरांनी तिला विचारलं. ज्या माणसानं एकतीस वर्षं इलेक्ट्रॉन शिकवला त्यानं हे विचारावं याचं तिला नवल वाटलं. सरांनी रिकामी जागा शोधली, काढली, आणि अकराव्या खेपेला यंत्रानं हिरवी खूण दिली.

ती हिरवी खूण सरांनी प्रेमराज यांना दाखवली, ही त्यांची मोठी चूक. प्रेमराज हे सरांच्याच कॉलेजात इतिहास शिकवायचे. आता ते नऊ व्हॉट्सॲप ग्रुपांचे अॅडमिन आहेत. माणसाचा तपास अजून व्हायचा आहे, हे फक्त यंत्राचं झालं, असं सर सांगत होते, पण तोवर प्रेमराज यांची बोटं चालू झाली होती. संध्याकाळी नऊच्या नऊ ग्रुपांवर भारंबे सरांची आंतरराष्ट्रीय सॉफ्टवेअरवर निवड झालेली होती. तिसऱ्या दिवशी कॉलनीच्या वळणावर फ्लेक्स लागला. त्यावर 'जळगावच्या सुपुत्राची जागतिक भरारी' असं होतं, खाली तेवीस शुभेच्छुकांचे चेहरे होते, आणि प्रेमराज यांचा फोटो सुपुत्रापेक्षा थोडा मोठा होता.

तिथंच थांबतं तरी बरं. सर मूळ शिकले धुळ्याला. तिथल्या माजी विद्यार्थी मंडळाचा फोन आला, की येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी सत्कार ठेवलाय, मंगल कार्यालय घेतलंय, आणि अध्यक्ष म्हणून जीवराम देवरे सरांनी होकार दिलाय. हे ऐकल्यावर मात्र सरांना नाही म्हणता येईना. जीवराम सर त्यांचे गुरू, वय चौऱ्याऐंशी. सर ज्या पद्धतीनं खडू धरत तीसुद्धा जीवराम सरांची होती. आयुष्यात एकदा तरी त्यांनी पाठीवर हात ठेवून 'छान केलंस' म्हणावं, एवढी एकच हौस सरांची बाकी होती. पंचेचाळीस वर्षांत ते तसं म्हणाले नव्हते.

आणि मग मारेक आला. मारेक म्हणजे धडे तपासणारा माणूस, पोलंडचा. त्याचं पत्र उघड्या पानावर होतं, म्हणजे जगातल्या कोणालाही वाचता यावं असं. सुरुवातीला त्यानं आभार मानले होते. पुढं धड्याची स्तुती होती. त्यापुढं लिहिलं होतं, की रीडिंग फार सुंदर आहेत, जरा जास्तच सुंदर आहेत. आपल्याच सॉफ्टवेअरवर त्यानं ती चालवून पाहिली. माणसानं हातानं घेतलेली रीडिंग इतकी रेषेला चिकटून बसण्याची शक्यता काही कोटींत एक आहे. शिवाय तिसऱ्या ओळीत वेळेचा वर्ग आधी काढून वेळ नंतर काढल्यासारखी दिसते. तरी ही रीडिंग कशी घेतली ते कळेल का, आणि पुन्हा एकदा आभार.

लताबाई चहा घेऊन आल्या तेव्हा सर लॅपटॉपचं झाकण दोन्ही हातांनी दाबून बसलेले होते. जणू आतून कोणी बाहेर येणार होतं. चेहरा पांढराफटक पडलेला पाहून त्यांनी विचारलं, कोण गेलं. सर म्हणाले, कोणी नाही. मग म्हणाले, "त्यानं पकडलं."

आता हे पकडलं म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. साध्या लोलकाची रीडिंग घेण्याची आपल्याकडे एक पद्धत आहे, आणि ती पुस्तकात नाही. आधी शेवटच्या पानावर नऊशे ऐंशी लिहायचं. मग ग्राफपेपरवर त्याला शोभेल अशी सरळ रेषा मारायची. मग रेषेवर ठिपके द्यायचे, अगदीच चिकटून नको, एखादा केसभर इकडं, एखादा तिकडं. आणि सर्वात शेवटी ठिपक्यांवरून रीडिंग वाचून तक्ता भरायचा. आधी रेषा, मग ठिपके. हेही कष्ट नको असतील तर प्रत्येक कॉलेजात एक जुनं जर्नल असतं, पूर्ण मार्क मिळालेलं, ते हातोहात पुढं जातं. सरांनी धुळ्याला शिकताना असंच एक उतरवलं होतं. तेच जळगावला आणलं. वर्षाला सव्वाशे धरले तरी चार हजारांच्या आसपास पोरापोरींनी ते पुढं उतरवलं, सरांनी लाल पेनानं बरोबर केलं, आणि कोणाचं काही बिघडलं नाही. धडा लिहिताना सरांना रीडिंग आठवावीसुद्धा लागली नाहीत. ती हातातच होती.

सरांनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं, की रीडिंग अनुभवी देखरेखीखाली घेतलेली आहेत. मारेकचं लगेच उत्तर आलं. फार आनंद झाला, मग तीच पुन्हा घेऊन पाठवता का, सोबत एक फोटो, थोडी वेडीवाकडी आली तरी चालतील, उलट तशीच हवीत. आणि आभार. या माणसाच्या आभारांची सरांनी आता धास्तीच घेतली होती.

रविवारला आठ दिवस होते. सर कॉलेजात गेले. प्रयोगशाळेतला चिंधा अजून नोकरीत होता. त्यानं पितळी गोळा, दोरा, स्टॉपवॉच आणि लाकडी मीटरपट्टी काढून दिली आणि कसाले पाहिजे म्हणून विचारलं. सर म्हणाले, प्रयोग करायचाय. चिंध्यानं त्यांच्याकडे काळजीनं पाहिलं. तब्येत बरी आहे ना, असंही विचारलं.

बाल्कनीत झोपाळ्याचा हूक होता, तिथं लोलक टांगला. साठहून जास्त वर्षांच्या आयुष्यात आणि एकतीस वर्षांच्या नोकरीत सर पहिल्यांदा झोके मोजायला बसले होते, हे त्यांचं त्यांनाच तेव्हा लक्षात आलं. मोजणं दिसतं तेवढं सोपं नसतं. चौदाव्या झोक्याला बेबाबाईंनी समोरून विचारलं, सर, भाजीला गिलके आणू का तुमच्यासाठी. पुन्हा पहिल्यापासून. हिलालनाना वर आले आणि दोरा कच्चा आहे, पोत्याची सुतळी देतो म्हणाले. पुन्हा पहिल्यापासून. प्रेमराज यांनी फोटो काढताना गोळ्याला धक्का दिला आणि तो लताबाईंच्या तुळशीवर जाऊन आदळला. अखेर सरांनी बाल्कनीचं दार आतून लावून घेतलं आणि लताबाईंना मोजायला बसवलं. त्यांनी एकदाही चूक केली नाही. पापड मोजायची सवय, असं त्या म्हणाल्या.

पाच लांबींची रीडिंग झाली. सरांनी आकडेमोड केली. पुन्हा केली. मग उठून पाणी प्याले. उत्तर एक हजार बत्तीस येत होतं.

नऊशे ऐंशीचं नऊशे सत्तर आलं असतं तर सरांनी हवेला दोष दिला असता. हजाराच्या वर आकडा गेलेला त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. विद्यार्थ्यानं आणला असता तर जर्नल तोंडावर फेकलं असतं. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा केलं, एक हजार बत्तीस. तिसऱ्या दिवशी लताबाई माहेरच्या बारशाला गेल्या म्हणून एकट्यानं केलं, एक हजार एकतीस. त्यातही आखूड दोऱ्याला आकडा जास्त येत होता आणि लांब दोऱ्याला कमी. सर बाल्कनीत उभे राहून खाली रस्त्याकडे बघत राहिले. रिक्षा नेहमीसारख्या चालल्या होत्या, कोणालाही काही कळलेलं नव्हतं.

सरांनी हे हिलालनानांना खासगीत सांगितलं. दुपारपर्यंत जळगावात गुरुत्वाकर्षण शेकडा पाच वाढल्याचं प्रेमराज यांच्या नऊही ग्रुपांवर आलं. हिलालनानांना तर ते ऐकताक्षणी पटलं. "हमाल कालदिनच सांगी राहिंतात, पोतं जड लागस," असं ते जिन्यातच मोठ्यानं म्हणाले. लिफ्ट हल्ली हळू का चढते, याचा उलगडा तिसऱ्या मजल्याला झाला. एक सोनाराकडे कामाला असलेले गृहस्थ येऊन विचारून गेले, की तराजूवर परिणाम होईल का. सर सांगत होते, की माझंच काहीतरी चुकलंय. पण फ्लेक्सवरच्या माणसाचं चुकेल हे कोणी मानायला तयार नव्हतं. बेबाबाई तर दारात खुर्ची टाकून बसल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवू लागल्या, "मी कव्हाची सांगून राह्यली, पाय जमिनीतून उचलत नाही. कोनी ऐकलं?" आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

प्रेमराज यांनी सरकारी कचेरीत द्यायला अर्जही लिहून आणला. विषय, गुरुत्वाकर्षण वाढल्याबाबत. संदर्भ, भारंबे सर यांची रीडिंग. प्रत माहितीसाठी म्हणून चार ठिकाणची नावं होती. सरांनी अर्जातल्या पाच चुका लाल पेनानं दाखवल्या आणि मग अर्ज फाडला. शुक्रवार उजाडला होता. रविवारी धुळ्याला शाल घ्यायची आणि मारेकला देण्यासारखं हातात काही नाही. जुनी रीडिंग खोटी ठरली होती आणि खरी रीडिंग वेड्यासारखी होती. सरांना वाटलं, दुखणं काढून झोपून राहावं. पण जीवराम सर खुर्चीत येऊन बसणार होते.

शेवटी त्यांनी खरी रीडिंग होती तशी पाठवली. खाली लिहिलं, की मला लाज वाटते, उत्तर एक हजार बत्तीस येतंय, कारण कळत नाही. पाठवून ते तिथंच बसून राहिले. दुपारी तीनला उत्तर आलं. मारेकनं या खेपेला आभार सुरुवातीलाच दोनदा मानले होते. ही खरी रीडिंग आहेत, तो म्हणत होता, आणि उत्तम आहेत, मोजणारा माणूस फार काटेकोर दिसतो. ठिपके सरळ रेषेतच आहेत. फक्त ती रेषा शून्यातून जात नाही, चार सेंटीमीटर सरकून जाते. तेवढं वजा केलं तर उत्तर नऊशे अठ्ठ्याहत्तर येतं. त्याखाली एकच प्रश्न होता. तुमच्या पट्टीचे पहिले चार सेंटीमीटर गायब आहेत का?

सरांनी पट्टी उचलली. टोकाला नखानं धूळ काढली. पहिली रेघ दिसली, तिच्यापुढं पुसट आकडा होता. तो पाच होता. शून्य, एक, दोन, तीन, चार, यांपैकी काहीही त्या पट्टीवर नव्हतं.

आता विचार करा. पोलंडात, जिथं बहुधा बर्फ पडत होतं, तिथं बसलेल्या माणसानं जळगावच्या कॉलेजातली पट्टी न बघता ती तुटकी आहे हे सांगितलं होतं, नुसत्या ठिपक्यांवरून. सरांनी पाचावरून पुन्हा एकदा नख फिरवलं. आयुष्यभर शिकवलेलं भौतिकशास्त्र खरोखर चालतं, हे त्यांना तेव्हा कळलं, आणि त्यांना फार मोठा धक्का बसला.

ते पट्टी घेऊन तडक चिंध्याकडे गेले. चिंध्यानं पट्टी हातात घेतली आणि जुना मित्र भेटल्यासारखा हसला.

"ती मीच कापी टाकी व्हती सर. उधई लागेल व्हती तिले. तुम्ही नोकरीले लागनात ना, त्याच साले."

वाळवी लागली म्हणून टोक कापलं ते ठीक, पण सांगितलं का नाही, असं सरांनी विचारलं. आवाज चढला होता.

"कोनले सांगू? बठ्ठासनं उत्तर तं बराबर यी राहिंतं."

सर्वांचंच उत्तर बरोबर. सरांनी तिथंच उभ्या उभ्या हिशेब केला. एकतीस वर्षं, चार हजार विद्यार्थी, शहाण्णव सेंटीमीटरची मीटरपट्टी, आणि एकाचंही उत्तर चुकलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांनी मारेकला सगळं लिहून टाकलं. जुनं जर्नल, आधी रेषा मग ठिपके, तो चौकोन, चिंधा, वाळवी. हे काम माझं स्वतःचं नव्हतं, असंही लिहिलं. धडा परत घ्यावा म्हटलं. शनिवारी उत्तर आलं, की धडा स्वीकारला आहे. चार सेंटीमीटरची गोष्ट त्यात मुद्दाम ठेवली आहे. आणि पहिली खोटी रीडिंगही काढून टाकलेली नाहीत, कारण इतकी कसून बनवलेली रीडिंग सहसा मिळत नाहीत. ती शेवटी स्वाध्याय म्हणून दिली आहेत, 'हा तक्ता बनावट आहे हे सिद्ध करा'. सौजन्य, टी. डी. भारंबे, जळगाव, भारत. लताबाईंनी विचारलं, मग झालं का पास. सर म्हणाले, हो, दोन्हीकडून, खऱ्यानंही आणि खोट्यानंही.

रविवारी ते धुळ्याला निघाले तेव्हा पट्टी बरोबर घेतली. का घेतली हे त्यांना नक्की सांगता आलं नसतं. धडा खरोखर स्वीकारला गेला होता. फ्लेक्स खोटा उरला नव्हता. इंग्रजीतलं ते पान उघडून वाचणारं धुळ्यात कोणी नव्हतं, आणि असतं तरी सत्काराच्या दिवशी बोललं नसतं. गप्प बसून शाल घेतली की सगळं सुरळीत होतं. वाटेतल्या पारोळ्यापर्यंत सरांनी तसंच ठरवलेलं होतं.

कार्यालयात दीडशेक माणसं होती. स्टेजवर लोखंडी पाइपांना फ्लेक्स बांधला होता, तोच, प्रेमराज यांनी जळगावहून आणलेला. जीवराम सर पांढऱ्या टोपीत मधल्या खुर्चीवर बसले होते, खूप वाळले होते. मानपत्र वाचलं गेलं. त्यात 'जीवराम सरांच्या अचूकतेचा वारसा तोताराम यांनी जगभर नेला' असं एक वाक्य आलं आणि टाळ्या पडल्या. जीवराम सरांनी भारंबे सरांना शाल पांघरली, नारळ दिला, आणि हात उचलून पाठीकडे नेला. पंचेचाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो हात पाठीला लागायच्या आतच भारंबे सर बाजूला सरकले आणि माईकसमोर जाऊन उभे राहिले.

त्यांनी सगळं सांगितलं. पट्टी उंच धरून दाखवली. मी तुमचं काही नेलं नाही, एक खोटं जर्नल नेलं आणि एकतीस वर्षं तेच शिकवलं, असं ते जीवराम सरांकडे वळून म्हणाले. प्रेमराज यांनी मोबाइल खिशात ठेवला, यावरून काय ते समजा.

जीवराम सरांनी हातानंच पट्टी मागितली. टोकावरून अंगठा फिरवला. मग माईक न घेता बोलले, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"तोताराम, ते जर्नल माझंच. मी डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो, त्याच आठवड्यात तपासणी समिती येणार होती. लॅबमध्ये कपाट होतं, फळा होता. लोलक टांगायला हूक नव्हता. नमुन्याचं एक जर्नल तयार ठेवा म्हणून सांगितलं, ते मी रात्री घरी बसून केलं. हूक पुढच्या वर्षी आला. तोवर कोणाला गरज राहिली नव्हती."

भारंबे सरांना या पंधरवड्यात धक्क्यांची सवय झाली होती, तरी याची तयारी नव्हती. जीवराम सरांनी पट्टी मांडीवर आडवी ठेवली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

"रीडिंग घ्यायची राहूनच गेली," ते म्हणाले. "दोरा आहे का रे?"

दोरा नव्हता. फ्लेक्सच्या एका कोपऱ्याची सुतळी सोडली, त्याबरोबर सुपुत्राचा अर्धा चेहरा खाली लोंबला. गोळा नव्हता, म्हणून सत्काराचा नारळ शेंडीला बांधला आणि पाइपाला टांगला. नारळाचा मध्य कुठं धरायचा यावर सभागृहात सरळ दोन तट पडले. जीवराम सरांनी शेंडीपासून चार बोटं खाली धरायला सांगितलं आणि ते मिटलं. भारंबे सरांनी पट्टी लावली, चार वजा केले. जीवराम सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून डोळ्यांजवळ धरलं आणि मान हलवली. नारळ सुटला.

एक, भारंबे सर म्हणाले. दोन, पहिल्या रांगेतली माणसं म्हणाली. पाचपर्यंत सगळं सभागृह मोजायला लागलं, साठ-सत्तर वर्षांची माणसं, सगळीच्या सगळी तेच जर्नल उतरवून पास झालेली. चौदाव्या झोक्याला प्रेमराज यांचा फोन वाजला. कोणीही वळून पाहिलं नाही. वीस झाले. भारंबे सरांनी मानपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडेमोड केली. पाइप हलत होता, नारळ गरगरत होता, घड्याळ जुनं होतं.

"नऊशे एकेचाळीस," ते म्हणाले, आणि सवयीनं लाल पेन खिशातून काढला.

जीवराम सरांनी त्यांचा हात धरला. "राहू दे. लिहिलंस तसंच राहू दे." मग आपला हात त्यांनी भारंबे सरांच्या पाठीवर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. छान केलंस असं ते म्हणाले नाहीत. ते राहिल्याचं सरांना घरी आल्यावर लक्षात आलं.

मात्र प्रेमराज यांनी जेवणाच्या पंगतीतूनच बातमी टाकली होती, की जळगावात एक हजार बत्तीस असलेलं गुरुत्वाकर्षण धुळ्यात फक्त नऊशे एकेचाळीस आहे. सरांनी नऊही ग्रुपांवर खुलासा केला, पट्टीचा फोटो टाकला, नारळाचा टाकला. बेबाबाईंनी तो शांतपणे वाचला, बॅग भरली, आणि बहिणीकडे पंधरा दिवस धुळ्याला राहून आल्या.

त्यांचा गुडघा दुखायचा थांबलाय. आता त्या जिना चढून जातात. सरांनी हे अजून मारेकला कळवलेलं नाही.